चांदवडी रुपया ते जोगलटेंभीचा साठा : नाणेअभ्यासासाठी जुन्या नोंदींच्या डिजिटल प्रती शोधणे आणि जपणे

गोदातीर (धागाकर्ते)

नमस्कार. नाशिक जिल्ह्यातील जुनी नाणी जमवणाऱ्या आणि त्यांवर काही लिहू पाहणाऱ्या मंडळींसाठी हा धागा काढत आहे. नाणे हाती येते, त्याचे वजन होते, छायाचित्र निघते. पण ते कोणत्या टांकसाळीचे, कोणत्या साठ्यातले आणि त्याविषयी पूर्वी कोणी काय लिहून ठेवले आहे हे सांगणारी साधने आज मोठ्या प्रमाणावर संगणकावर वाचता येत असूनही, ती चिकाटीने शोधणारे आपल्यात थोडे आहेत आणि शोधल्यावर नीट जपून ठेवणारे त्याहून थोडे. ज्या नोंदीच्या आधारे आपण विधान करतो, तिची चित्रफलकांसह पूर्ण प्रत आणि ती कोठून घेतली याची माहिती आपल्यापाशी असलीच पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे. नुसता दुवा जपून भागत नाही.

चांदवडचे उदाहरण घेऊ. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा असून तो १८८३ साली प्रसिद्ध झाला. चांदवडच्या टांकसाळीत काम कसे चाले याचे त्यातले वर्णन प्रत्येक संग्राहकाने मुळातून वाचावे. ठरलेल्या कसाची चांदी कारागिराकडे सोपवली जाई. तो तिचे लहान तुकडे पाडून ते गोल करी आणि तोलून पाही. आकार सारखा असण्यापेक्षा वजन बिनचूक असण्याकडे अधिक लक्ष असे. यासाठी ४०० कारागिरांना तराजू आणि वजने दिलेली असत आणि प्रमुख त्यांची दर आठवड्याला तपासणी करी. मग ऐरणीसारख्या साधनाच्या मध्यभागी अक्षरे कोरलेल्या खोबणीत तुकडा टाकायचा, एकाने वरून ठसा धरायचा आणि दुसऱ्याने सहा पौंडी हातोड्याचा घाव घालायचा. अशा रीतीने तीन माणसे तासाला २,००० नाणी पाडू शकत. ठसा तुकड्यापेक्षा थोडा मोठा असल्यामुळे सगळी अक्षरे क्वचितच उमटत, असेही तेथे नोंदवले आहे.

आपल्या हातातल्या चांदवडी रुपयावर मुघल बादशहा शाह आलमचे नाव एका कडेला तुटलेले आणि ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ या टांकसाळीच्या नावातले एखादेच अक्षर शिल्लक का दिसते, याचे उत्तर येथे मिळते. नाणे झिजल्याने अक्षरे गेली असे नेहमीच नसते. अनेकदा ती मुळात नाण्यावर उतरलेलीच नसतात. म्हणून अशा नाण्यांचा पूर्ण मजकूर हवा असेल तर वेगवेगळ्या तुकड्यांवर उमटलेले भाग शेजारी ठेवून जुळवावे लागतात आणि त्यासाठी जुन्या सूचींतील चित्रे हाताशी लागतात.

आता शोधाविषयी. गॅझेटियरमध्ये नाशिक आणि चांदोर ही नावे रोमन लिपीत लिहिताना दीर्घ ‘आ’साठी ‘ए’ या अक्षरावर तिरपी रेघ दिलेली आहे. छापील पानावरून मजकूर ओळखणारी यंत्रणा त्या रेघेसह अक्षराला पुष्कळदा ‘डी’ समजते, त्यामुळे सरळ स्पेलिंग टाकून शोध घेतला की पानभर नाशिक असूनही एकही ओळ सापडत नाही. तेव्हा ‘ए’च्या जागी ‘डी’ घालूनही शोध घ्यावा. शिवाय नाशिकचे जुने स्पेलिंग कधी एका ‘एस’चे, कधी दोन ‘एस’चे, तर कधी शेवटी ‘सीके’ जोडलेले आढळते. चांदवडसाठी चांदोर आणि जाफराबाद, तर नाशिकसाठी गुलशनाबाद या नावांनी स्वतंत्रपणे शोधावे, कारण सूचीकारांनी नाण्यावर जे नाव वाचले त्याखालीच नोंद केलेली असते.

आपण सर्व कोणती साधने वापरता आणि ती कशी जपता, हे कृपया सविस्तर लिहावे.

पुरानोंद

गोदातीर, धागा गरजेचा होता. माझ्या वापरातील साधने क्रमाने सांगतो.

जोगलटेंभीपासून सुरुवात करतो, कारण नाशिकच्या नाणेअभ्यासात त्याहून मोठा विषय नाही. दारणा आणि गोदावरीच्या संगमावरील या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा जो साठा सापडला, त्यात क्षहरात घराण्यातील क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाची १३,००० हून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटवलेला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा वृत्तांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात, बाविसाव्या खंडात प्रसिद्ध केला. या नियतकालिकाचे जुने खंड मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘ग्रंथ संजीवनी’ या संकेतस्थळावर आणि इंटरनेट अर्काइव्हवर पाहता येतात. त्याच सुमारास, १९०८ साली, रॅप्सन यांची ब्रिटिश म्युझियममधील आंध्र आणि पश्चिम क्षत्रप नाण्यांची सूची निघाली. तीही इंटरनेट अर्काइव्हवर आहे. हे दोन मजकूर एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत.

१९०४ पासून बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाला नाणकशास्त्राची पुरवणी जोडली जाऊ लागली. तिचे अनेक खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर मिळतात. जीवशास्त्राच्या ग्रंथालयात नाण्यांचे लेख असतील असे कोणाला सहसा वाटत नाही. पण त्या नियतकालिकात प्राणी-वनस्पतींवरील निबंधही छापले जात असल्यामुळे ते सगळे खंड तेथे पोहोचले आहेत. लिलावसूची आणि जगभरातील नाणेविषयक नियतकालिके यांसाठी अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टल पाहावे. सरकारी कागदपत्रांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ आहे; तेथे आधी नोंदणी करावी लागते. हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथालयातील बरेच ग्रंथ भारतातून उघडले असता बंद दिसतात, मात्र तेथील पूर्णमजकूर शोध चालतो आणि हवा तो शब्द कोणत्या खंडाच्या कोणत्या पानावर आहे एवढे कळते. पान क्रमांक मिळाला की तोच खंड दुसरीकडे उघडता येतो.

पंचवटी_विद्यार्थिनी

नमस्कार. मी पदव्युत्तर शिक्षण घेत असून नहपानाच्या नाण्यांवर लघुप्रबंध लिहीत आहे. आपण दोघांनी दिलेली माहिती फार उपयोगी आहे. माझ्या तीन शंका आहेत. पहिली, इंटरनेट अर्काइव्हवरून उतरवलेल्या पीडीएफमध्ये मजकूर स्वच्छ दिसतो, परंतु नाण्यांची चित्रे मोठी करून पाहिली की राखाडी डागांसारखी होतात. मूळ ग्रंथातच ती तशी आहेत का? दुसरी, हे ग्रंथ उतरवून स्वतःजवळ ठेवणे कायदेशीर आहे का? आणि तिसरी, एवढे ग्रंथ जर मोठ्या संस्थांनी संकेतस्थळांवर ठेवलेच आहेत, तर प्रत्येकाने आपापल्या संगणकावर त्यांचा संचय करण्यात वेळ आणि जागा का खर्च करावी? शोधनिबंधात दुवा दिला की पुरेसे आहे, असे आमच्या वर्गात बहुतेकांना वाटते.

गोदातीर

आपल्या तिन्ही शंका महत्त्वाच्या आहेत. पहिलीला सर्वांत अधिक जागा देतो, कारण नाणेअभ्यासात चित्रफलक हाच पुरावा असतो.

मूळ ग्रंथांतले फलक बहुधा उत्तम असतात. त्या काळी ब्रिटिश म्युझियमच्या सूचींसाठी नाण्यांचे प्लास्टरचे साचे घेऊन त्यांचे छायाचित्रण करीत. त्यामुळे चांदीची चकाकी आड येत नसे आणि अक्षरांचा उठाव स्पष्ट दिसे. इंटरनेट अर्काइव्हची पीडीएफ तयार होताना मात्र पानाचे थर वेगळे केले जातात, अक्षरांचा थर ठसठशीत ठेवला जातो आणि मागचा चित्राचा थर पुष्कळ दाबून लहान केला जातो. वाचनासाठी ही सोय चांगली आहे, परंतु नहपानाच्या चेहऱ्याभोवतीची ग्रीक अक्षरे त्यात विरघळून जातात. म्हणून ग्रंथाच्या पानावर उतरवण्याचे जे पर्याय दिसतात, त्यांतील ‘सर्व फाइल’ हा पर्याय उघडावा. तेथे मूळ पानांच्या प्रतिमा ‘जेपी२’ स्वरूपात एका झिप फाइलमध्ये असतात. ती फाइल फार मोठी असली तरी पूर्ण उतरवण्याची सक्ती नसते. तिच्या आतील यादी उघडून केवळ फलकांची पाने एकेक करून घेता येतात. मजकुरासाठी पीडीएफ आणि फलकांसाठी जेपी२ अशी जोडी ठेवली की दोन्ही कामे होतात.

याचे महत्त्व आपल्याच विषयात दिसेल. जोगलटेंभीच्या नाण्यांवरील चेहरे इतके भिन्न आहेत की, ते एकाच राजाचे नसून नहपानाच्या नावाने नाणी पाडणाऱ्या त्याच्या घराण्यातील निरनिराळ्या व्यक्तींचे असावेत, असा तर्क स्कॉट यांनी मांडला होता. तो मान्य करायचा की खोडून काढायचा, हे नाक, हनुवटी आणि केसांची ठेवण पाहूनच ठरवावे लागणार. पुन्हा छाप उमटवलेल्या नाण्यांवर सातकर्णीच्या तीन कमानींच्या चैत्याखाली (टेकडीसारख्या चिन्हाखाली) नहपानाच्या मूळ लेखातली ब्राह्मी किंवा खरोष्ठी अक्षरे कोठे डोकावतात, हेही दाबलेल्या चित्रावरून समजत नाही.

दुसरे, कायद्याविषयी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत प्रताधिकार टिकतो. रॅप्सन १९३७ साली वारले, तेव्हा त्यांची सूची मुक्त आहे. गॅझेटियरचा तर प्रश्नच नाही. याउलट महेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठा टांकसाळी व नाणी यांवरील १९८९ चा ग्रंथ प्रताधिकारात आहे. तो ज्या संस्थेने प्रसिद्ध केला ती नाणकशास्त्र संशोधन संस्था आपल्या अंजनेरीलाच आहे, म्हणून त्याच्या चोरट्या प्रती फिरवण्याऐवजी तो ग्रंथालयात बसून वाचावा आणि टिपणे काढावीत. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावरील छायाचित्रे अव्यावसायिक वापरासाठी परवान्यासह खुली आहेत; लघुप्रबंधात वापरताना परवान्याचा उल्लेख मात्र करावा.

तिसऱ्या शंकेचे उत्तर पुरानोंद यांनी द्यावे अशी विनंती आहे, त्यांचा तो विषय आहे.

पुरानोंद

देतो. संस्था मोठी आहे म्हणून तिचे संकेतस्थळ नेहमी उघडेल, हे गृहीत धरता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिचे डिजिटल संग्रह दीर्घ काळ वाचकांना बंद राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट अर्काइव्हवर हल्ला झाला, तेव्हा ते काही दिवस पूर्णपणे बंद होते. आपल्याकडे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा सरकारी प्रकल्प होता. त्याचे संकेतस्थळ बंद पडले तेव्हा त्यावर विसंबून दिलेले सगळे दुवे निकामी झाले. त्यातील लाखो ग्रंथ आज वाचता येतात ते केवळ त्यांची दुसरी प्रत वेळीच इंटरनेट अर्काइव्हवर नेऊन ठेवली होती म्हणून. विद्यार्थिनी ताई, आपल्या लघुप्रबंधाची तपासणी ज्या आठवड्यात होईल, नेमका त्याच आठवड्यात दुवा बंद असला तर परीक्षकांना आपण काय दाखवणार, याचा विचार वर्गातील मित्रमंडळींनीही करावा.

जपण्याची साधी रीत अशी की, एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. उतरवलेली फाइल तशीच्या तशी आहे का, हे पाहण्यासाठी तिचा चेकसम (फाइलीतील मजकुरावरून निघणारा ओळखआकडा) काढून ठेवावा. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ आज्ञेने तो निघतो. वर्षाकाठी एकदा तो पुन्हा काढून जुन्याशी ताडून पाहावा, आकडा बदलला तर फाइल बिघडली आहे असे समजून दुसऱ्या प्रतीवरून ती पुन्हा घ्यावी. डिस्क कपाटात पडून राहिली म्हणजे सुरक्षित राहिली, असे मानू नये.

मोडी_वाचक

छापील ग्रंथांवर चर्चा चांगली झाली आहे. मराठेशाहीतील रुपयांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी मी कागदपत्रांविषयी लिहितो. चांदवडी रुपया व्यवहारात किती चालत होता आणि त्यावर किती बट्टा (बदलून घेताना होणारी वजावट) बसे, याची माहिती नाण्यावर मिळणार नाही. ती जमाखर्चात आणि वसुलीच्या कागदांत मिळते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर रुमालांमध्ये (कापडी गाठोड्यांमध्ये) बांधलेले आहे. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले आणि ते स्कॅन होऊन वाचायला मिळतात. हे कागद बाळबोधीत छापलेले असल्यामुळे मोडी न येणाऱ्यालाही सुरुवात करता येते. मूळ कागद पाहिला असेल तर दप्तर आणि रुमाल यांचे क्रमांक छायाचित्राबरोबर लिहून ठेवलेच पाहिजेत. क्रमांक नसलेले मोडी कागदाचे छायाचित्र दुसऱ्या अभ्यासकाला पडताळता येत नाही.

कालगणनेबाबत विशेष काळजी घ्यावी. नाण्यावर हिजरी सन असतो, तर मराठी कागदांवर बहुधा अरबी अर्थात सुहूर सन असतो आणि तो शब्दांत लिहिलेला असतो. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७७. सुहूर ११७७ म्हणजे इसवी १७७६-७७. पण हिजरी ११७७ म्हणजे १७६३-६४. आकडा एकच आणि फरक तब्बल तेरा वर्षांचा. सुहूर सन मृगात सुरू होतो, म्हणून जून ते डिसेंबरमधील तारखेसाठी ५९९ आणि जानेवारी ते मेअखेरच्या तारखेसाठी ६०० मिळवावे. फाइलला नाव देताना मूळ सन जसा आहे तसा लिहून त्यापुढे इसवी सन लिहावा. केवळ रूपांतरित वर्ष लिहिले तर रूपांतर बरोबर आहे की नाही, हे पुढच्याला तपासता येणार नाही.

नहपानाच्या विषयात पांडवलेण्यांतील लेख विसरू नयेत. दहाव्या लेण्यातील लेखात नहपानाचा जावई उषवदात ७०,००० कार्षापणांचा (चांदीच्या नाण्यांचा) हिशेब २,००० सुवर्णांशी (सोन्याच्या नाण्यांशी) घालतो, म्हणजे एका सुवर्णाला ३५ कार्षापण. सेनार यांनी या लेखांचे वाचन एपिग्राफिया इंडिका या कोरीव लेखांच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात दिले असून त्या खंडातही लेखांच्या ठशांचे फलक आहेत, तेव्हा गोदातीर यांनी सांगितलेली जेपी२ची रीत तेथेही लागू होते. आपल्या गावच्या डोंगरात कोरलेला नाण्यांचा भाव आणि आपल्याच जिल्ह्यात सापडलेला त्याच राजाच्या नाण्यांचा साठा, ही जोडी इतरत्र कोठे मिळणार?

सराफबाजार

मी विक्रेत्यांच्या बाजूने थोडे लिहितो. जुनी चांदी मोडीत येते तेव्हा तिच्यात नाणी येतात आणि ती कोठून आली हे सांगणारे माणूस समोर उभे असते. ती माहिती त्याच वेळी लिहून घेतली नाही तर कायमची जाते. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा साठा सापडल्यास तो सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे आणि त्या सूचनेत साठ्याचे स्वरूप, सापडल्याची जागा आणि तारीख असावी लागते. अभ्यासकाला नेमके हेच तीन मुद्दे हवे असतात. त्यामुळे जुन्या साठ्यांचा शोध घेणाऱ्यांनी महसुली कागद आणि संग्रहालयांचे वार्षिक अहवाल अवश्य पाहावेत.

दुसरा मुद्दा लिलावांच्या संकेतस्थळांचा. जोगलटेंभीच्या साठ्यातले म्हणून सांगितलेले नाणे लिलावात आले की त्याचे मोठे छायाचित्र, वजन आणि व्यास काही काळ दिसतात आणि नंतर ते पान नाहीसे होते. तेव्हा ते पान त्याच दिवशी वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या पानांच्या प्रती ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या सेवेवर) जतन करण्याची विनंती टाकावी आणि छायाचित्र स्वतंत्रपणे उतरवून घ्यावे, कारण जतन झालेल्या पानात मोठे छायाचित्र पुष्कळदा येत नाही. विक्रेत्याने ‘या साठ्यातले’ म्हटले आहे, एवढ्यावर ते त्या साठ्यातले ठरवू नये. नोंदीत ‘विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द असावेत.

पंचवटी_विद्यार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जेपी२च्या रीतीने रॅप्सन यांच्या सूचीतील नहपानाचा फलक उतरवून पाहिला. पीडीएफमध्ये जेथे केवळ कडा दिसत होती, तेथे आता ग्रीक अक्षरे वेगवेगळी दिसतात. फाइलींना नावे कशी द्यावीत आणि सोबत काय लिहावे, याचा एखादा नमुना मिळेल का? तसेच एका नियतकालिकाच्या स्कॅनमध्ये लेखानंतर फलकांची पाने घडी घातलेल्या अवस्थेतच टिपली गेली आहेत, त्याला काय उपाय?

गोदातीर

घडीचे फलक हा नेहमीचा अनुभव आहे. प्रथम त्याच खंडाची दुसऱ्या ग्रंथालयातून स्कॅन झालेली प्रत शोधावी. इंटरनेट अर्काइव्हवर एकाच खंडाच्या अनेक प्रती निरनिराळ्या शीर्षकांखाली असतात आणि त्यांतील एखाद्या प्रतीत फलक उलगडून टिपलेले असतात. तेही न जमल्यास छापील खंड गाठावा. आपल्याकडे १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय (सावाना) आहे आणि नाण्यांच्या नियतकालिकांसाठी अंजनेरीची संस्था आहे. सावानात किंवा अंजनेरीला जाताना खंड, वर्ष आणि फलक क्रमांक लिहून न्यावा, म्हणजे ग्रंथपालांनाही मदत करणे सोपे जाते. फलकाचे छायाचित्र काढू दिल्यास शेजारी मोजपट्टी ठेवावी, कारण जुन्या सूचींत नाणी बहुधा मूळ आकारात छापलेली असतात आणि ठशांची तुलना करताना ते माप कामी येते.

नावासाठी आधी वर्ष, मग नियतकालिक व खंड, मग लेखक, मग विषय आणि शेवटी पान किंवा फलक असा क्रम ठेवावा. उदाहरणार्थ ‘१९०८, मुंबई शाखा, २२, स्कॉट, जोगलटेंभी, फलक १’. प्रत्यक्ष फाइलवर हे रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता लिहिलेले बरे. प्रत्येक फाइलीसोबत त्याच नावाची साधी मजकूर फाइल असावी आणि तिच्यात संकेतस्थळाचे नाव, ग्रंथाचा तेथील ओळखक्रमांक, पूर्ण पत्ता, उतरवल्याची तारीख, मूळ प्रत कोणत्या ग्रंथालयाची आहे हे पहिल्या पानावरील शिक्क्यावरून, कोणती पाने गहाळ किंवा अस्पष्ट आहेत, आणि चेकसम, एवढे लिहावे. गहाळ पानांची नोंद सर्वांत उपयोगी पडते, कारण त्यावरूनच दुसरी प्रत कशासाठी शोधायची हे कळते.

पुरानोंद

गोदातीर यांच्या नमुन्यात एक भर. कापलेली किंवा उजळ केलेली प्रतिमा मूळ फाइलीवर कधीही जतन करू नये. तिला वेगळे नाव देऊन काय बदल केला ते मजकूर फाइलीत लिहावे. विद्यार्थिनी ताई, आपण उतरवलेल्या फलकांची यादी येथे दिलीत तर मी माझ्याकडील प्रतींशी चेकसम ताडून पाहीन, आणि जी पाने आपल्याकडे घडीची आहेत ती माझ्याकडे उलगडलेली असतील तर लगेच पाठवीन.